ओतीव गोळ्यांना वंगण लावणे आणि मापात आणणे : थोडक्या खर्चातील घरगुती पद्धत

बंदुकीसाठी घरी शिशाच्या गोळ्या ओतण्याच्या छंदात नवख्या माणसाची पहिली चूक बहुधा खरेदीच्या क्रमात होते. साचा आणि शिसे वितळवण्याचे भांडे घेऊन झाले की, वंगण लावणे आणि माप देणे ही दोन्ही कामे एकाच दांड्याने करणारे यंत्र तो शोधू लागतो. लायमन किंवा आरसीबीएस या कंपन्यांची अशी यंत्रे उत्तम असतात, यात शंका नाही. परंतु नव्या यंत्राची किंमत दोनशे डॉलरांच्या पुढे जाते, प्रत्येक मापासाठी निराळी डाय, म्हणजे गोळीला ठरावीक व्यासाची करणारे पोलादी छिद्र, लागते, गोळीच्या नाकाच्या प्रत्येक आकारासाठी निराळा दट्ट्या लागतो आणि वंगण कडक असेल तर खाली हीटरही बसवावा लागतो. एवढे सगळे करूनही बंदुकीच्या नळीत शिशाचा थर धरायचा तो धरतोच, कारण आपल्या नळीचे नेमके माप किती आहे हे या गृहस्थाने कधी पाहिलेलेच नसते. म्हणून माझे मत असे की, पहिले पैसे इंचाचा दहा हजारावा भाग दाखवणाऱ्या मायक्रोमीटरवर घालावेत, वापरलेला मिळाला तरी चालेल, आणि बाकीचे काम स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या डब्यांवर व पातेल्यांवर भागवावे.

हा लेख अमेरिकेत राहून कायदेशीरपणे नेमबाजी करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर आणि त्याची १५८ ग्रेन (वजनाचे एक छोटे माप) वजनाची साधी ओतीव गोळी घेतली आहे. ओतकामाचा व काडतुसात दारू भरण्याचा विषय येथे घेतलेला नाही; दारूचे वजन नेहमी छापील पुस्तिकेतूनच घ्यावे, कोणाच्या तोंडी सांगण्यावरून नव्हे.

कायद्याविषयी दोन गोष्टी आधीच सांगतो, कारण मराठी वाचकांत या बाबतीत मोठा गैरसमज आढळतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा दारूगोळ्यातच धरतो. त्यामुळे येथे वर्णन केलेला उद्योग परवान्यावाचून पुण्यात किंवा नागपुरात करणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही निरुपद्रवी असो. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरत्या गोळ्या ओतण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही, विक्रीसाठी ओतायच्या असतील तर मात्र लागतो. आपल्यापैकी अनेक जण ज्या एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर येथे राहतात, त्यांना वैध शिकार-परवान्यासारखा अपवाद लागू नसेल तर बंदूकच नव्हे, तर दारूगोळा बाळगण्यासही मनाई आहे. आणि संघराज्याच्या व्याख्येत नुसती शिशाची गोळीही दारूगोळाच ठरते. ‘बंदूक मित्राची आहे, मी फक्त गोळ्या ओततो’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या वापरता येत नाहीत, हेही तेथील वाचकांनी ध्यानात ठेवावे.

वंगण नेमके कशासाठी

बंदुकीच्या नळीच्या आत पेचदार खोबणी कोरलेली असते. दोन खोबणींमधला उंचवटा गोळीत रुततो आणि गोळीला फिरकी देतो. तांब्याचे वेष्टण असलेली गोळी हे घर्षण सहन करते. उघडे शिसे मात्र पोलादावर घासले की त्याचा पातळ थर मागे राहतो. पुढची गोळी त्या थरावरून जाते, थर वाढतो आणि पन्नासेक गोळ्यांनंतर नेम कागदभर पसरतो. यालाच शिसे धरणे म्हणतात. याचे दुसरे आणि अधिक वाईट कारण म्हणजे गोळी नळीपेक्षा बारीक असणे. मग मागचा तप्त वायू गोळीच्या कडेने पुढे पळतो आणि ज्योतीने मेण कापावे तसे शिसे कापत जातो. वंगण घर्षण कमी करते आणि काही प्रमाणात ही फट भरूनही काढते, पण फट मुळातच मोठी असेल तर जगातील कोणतेही वंगण पुरे पडत नाही.

गोळीच्या वंगणाचा प्रश्न आपल्या इतिहासात एकदा फार महागात पडला आहे. १८५७ साली एनफिल्ड रायफलच्या कागदी काडतुसांना लावलेल्या चरबीवरून शिपायांत जो संशय पसरला, त्याच्या मुळाशी हीच तांत्रिक गरज होती : पेचदार नळीत तोंडाकडून सरकवायची शिशाची गोळी वंगणावाचून अडकते. त्या काळी प्राण्यांची चरबी आणि मधमाश्यांचे मेण हेच सर्वांत सोयीचे मिश्रण होते. आज चरबीची गरज उरलेली नाही, मेणाची मात्र अजूनही आहे.

आधी नळी मोजावी

बंदूक पूर्ण रिकामी आहे याची दोनदा खात्री करावी आणि जिवंत काडतुसे त्या खोलीतच ठेवू नयेत. मासेमारीच्या दुकानात मिळणारे मऊ शिशाचे अंडाकृती वजन घ्यावे. ते नळीच्या तोंडापेक्षा किंचित जाड असावे. नळीतून तेलाचा फडका फिरवून ते वजन नळीच्या तोंडावर ठेवावे, लाकडी हातोडीने ठोकून आत बसवावे आणि मग चिकटपट्टी गुंडाळलेल्या पितळी सळईने हळूहळू पुढे ढकलत न्यावे. बारीक लाकडी काठी वापरण्याचा मोह टाळावा; ती तिरकी चिरते, पाचरीसारखी अडकते आणि पाच मिनिटांच्या कामाला बंदूक-दुरुस्तीवाल्याचे बिल लागते.

शिसे पुढे सरकत असताना हाताला काय जाणवते याकडे लक्ष द्यावे. रिव्हॉल्व्हरमध्ये नळी जेथे सांगाड्यात आट्यांनी बसवलेली असते, तेथे ती कधीकधी आतून आवळली गेलेली असते आणि शिसे तेथे एकाएकी घट्ट जाते. अशी जागा आढळली तर शिसे धरण्याचे निम्मे कोडे तेथेच सुटले असे समजावे, कारण मापात असलेली गोळीही ती जागा ओलांडताना बारीक होऊन पुढे निघते.

बाहेर आलेल्या तुकड्यावर नळीची खोबण उंचवट्याच्या रूपाने उमटलेली असते. समोरासमोरच्या दोन उंचवट्यांवर मायक्रोमीटर लावून मिळते तो खोबणीचा व्यास. येथे एक अडचण येते : स्मिथ अँड वेसनच्या अनेक रिव्हॉल्व्हरांत खोबणी पाच असतात, म्हणजे एका उंचवट्यासमोर दुसरा उंचवटा येतच नाही. अशा वेळी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा तळ असलेला मायक्रोमीटर लागतो. तो नसेल तर नळीचे माप सोडून द्यावे आणि पुढे सांगितलेल्या चक्राच्या, म्हणजे काडतुसे भरायच्या फिरत्या भागाच्या, तोंडांवर भर द्यावा. व्हर्नियर कॅलिपरवर या कामात विसंबू नये. त्याची चूक इंचाच्या हजाराव्या भागाची असते, आणि आपले सगळे भांडण त्या एका हजाराव्या भागाशीच आहे.

रिव्हॉल्व्हरमध्ये नळीइतकेच महत्त्व चक्रातील घरांच्या पुढच्या तोंडांना आहे, कारण गोळी नळीत शिरण्यापूर्वी त्यातून जाते. तोंड नळीपेक्षा बारीक असेल तर गोळी तेथेच आकसते आणि नळीत सैल पडते. सहाही तोंडे तपासावीत. ती सारखी असतीलच असे नाही. विनाखर्चाची चाचणी अशी : मापात आणलेली गोळी चक्राच्या पुढच्या बाजूने तोंडात सोडावी. ती आपल्या वजनाने घरंगळली तर बारीक आहे, बोटाने दाबूनही हलली नाही तर जाड आहे, आणि बोटाच्या हलक्या दाबाने सरकली तर योग्य आहे.

.३८ स्पेशल या नावातला आकडा फसवा आहे. जुन्या काळच्या वेगळ्या रचनेच्या काडतुसांवरून तो चिकटून राहिला. प्रत्यक्षात नळीच्या खोबणीचा व्यास ०.३५७ इंचाच्या आसपास असतो. ओतीव गोळी खोबणीपेक्षा ०.००१ ते ०.००२ इंच जाड असावी, असा सर्वमान्य नियम आहे. समजा खोबण ०.३५६८ इंच आणि चक्राची तोंडे ०.३५८० इंच भरली, तर गोळी ०.३५८ इंचाची हवी. हा आकडा वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

साचा काय देतो ते पाहावे

आता आपल्या साच्यातून निघालेल्या दहा गोळ्या मोजाव्यात. प्रत्येक गोळी दोनदा मोजावी : एकदा साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेवर आणि एकदा तिच्या काटकोनात. दोन मापांत मोठा फरक असेल तर साचा नीट मिटत नाही. बहुधा त्याच्या अंगाला शिशाचा बारीक कण चिकटलेला असतो. गोळ्या थंड झाल्यावरच मोजाव्यात, आणि एकच मिश्रधातू वापरत राहावे, कारण अँटिमनी अधिक असलेले शिसे गोठताना कमी आकसते आणि त्याच साच्यातून किंचित जाड गोळी देते.

दहाही गोळ्या ०.३५८ ते ०.३५८५ इंचांत बसल्या आणि चक्राच्या तोंडातून बोटाच्या दाबाने गेल्या, तर अभिनंदन करून हा भाग येथेच संपवावा. त्यांना माप देण्याची गरजच नाही. सर्वांत स्वस्त डाय ती, जी विकत घ्यावी लागत नाही. माप देणे हा विधी आहे अशा समजुतीने चांगल्या गोळ्या उगाच डायमधून काढणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात गोळी थोडी का होईना, वाकडी होण्याचाच संभव असतो.

गोळ्या ०.३५७ इंचांच्या खाली निघत असतील तर डायचा उपयोग नाही, कारण डाय गोळीला बारीक करते, जाड करत नाही. तेव्हा साच्याच्या दोन भागांच्या मिटणाऱ्या तोंडांवर, पोकळीपासून दूर, ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावावेत. वातानुकूलनाचे पत्रे जोडण्यासाठी जी उष्णता सहन करणारी पट्टी मिळते तीच घ्यावी. साचा पट्टीच्या जाडीइतका उघडा राहतो आणि गोळी त्या दिशेने जाड होते. ती थोडी लंबगोल निघते खरी, पण मग डायमधून काढली की गोल होते.

घोळवण्याची पद्धत

कमी खर्चात सर्वांत आधी करून पाहावी अशी हीच पद्धत. ली कंपनीचे लिक्विड अलॉक्स हे तपकिरी, चिकट द्रव वंगण छोट्या बाटलीत मिळते. बाटली गरम पाण्यात पाच-दहा मिनिटे उभी ठेवली की ते पातळ होते. लोण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यात शंभर गोळ्या घ्याव्यात, पाव ते अर्धा चहाचा चमचा वंगण टाकावे, झाकण लावावे आणि डबा तिरका धरून गोल गोल फिरवावा. खडखडा हलवू नये. मऊ शिशाच्या गोळ्या एकमेकींवर आपटून त्यांच्या बुडाच्या कडा ठेचल्या जातात, आणि नेमबाजीत गोळीच्या नाकापेक्षा तिच्या बुडाला अधिक मान आहे. बुडाची कड एका बाजूला चेपली असेल तर नळीतून निघताना वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळी वाट सोडते.

दोन-तीन मिनिटांत सर्व गोळ्यांवर हलकी सोनेरी झाक दिसू लागली की पुरे. गोळ्या मेणकागदावर, शक्य तर बुडावर उभ्या ठेवून, रात्रभर वाळू द्याव्यात. नवखे लोक येथे सढळ हाताने वंगण ओततात. गोळी गुळाच्या पाकात बुडवलेल्या लाडूसारखी दिसली तर वंगण तिप्पट झाले आहे. ते कधीच पुरते वाळत नाही, त्यावर धूळ बसते, काडतुसे भरण्याच्या डायमध्ये त्याचा राप साचून गोळी हळूहळू खोल बसू लागते, आणि धूर इतका होतो की शेजारच्या पट्टीवरचा नेमबाज आपल्याकडे वळून पाहतो.

हा चिकटपणा घालवण्याची जुनी तोड म्हणजे मिश्रण : ४५ भाग लिक्विड अलॉक्स, ४५ भाग लाकडाला लावायचे, कार्नौबा हे कडक वनस्पतिजन्य मेण असलेले पेस्ट मेण आणि १० भाग मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचे द्रावण). पूर्वी यासाठी ज्या एका पेस्ट मेणाचे नाव सर्रास घेतले जाई ते आता बनत नाही. लाकडी फर्निचरला लावायचे दुसरे घन मेण चालते. मेणाचा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण वितळवावे, पातेले आचेवरून उतरवून घराबाहेर आणावे आणि मगच त्यात अलॉक्स व स्पिरिट मिसळावे. स्पिरिटची वाफ पेट घेते, म्हणून आसपास ज्योत, शेगडी किंवा पेटती सिगारेट नको. हे मिश्रण काही तासांत सुकते आणि हाताला जवळजवळ कोरडे लागते.

माप देणे

यासाठी ली कंपनीची आरपार ढकलण्याची डाय घ्यावी. तीस-चाळीस डॉलरांत ती मिळते आणि काडतुसे भरण्याच्या कोणत्याही साध्या प्रेसवर, म्हणजे दांड्याने चालणाऱ्या दाबयंत्रावर, बसते. प्रेस नसेल तर सर्वांत लहान, एकाच डायचा प्रेस पुरतो. वापरलेला असला तरी हरकत नाही, कारण ओतीव लोखंडाच्या प्रेसला म्हातारपण सहसा येत नाही.

डाय प्रेसच्या वरच्या आट्यांत बसवावी आणि काडतुसाची पुंगळी (धातूचे कवच) धरण्याच्या खाचेत डायसोबतचा दट्ट्या सरकवावा. गोळी दट्ट्यावर बुडाच्या बाजूने उभी ठेवावी, म्हणजे नाक वर येते. दांडा एका संथ, अखंड हालचालीत खाली ओढावा; गोळी डायमधून वर जाते आणि पुढच्या गोळीने ढकलली की वरच्या डब्यात पडते. मध्येच थांबू नये. कोरडी, वंगण न लावलेली गोळी डायमध्ये कधीही घालू नये. शिसे डायच्या भिंतीला धरते आणि पुढच्या सर्व गोळ्यांवर ओरखडे उठतात. म्हणून क्रम असा : एक पातळ हात वंगण, ते सुकले की माप, आणि त्यानंतर दुसरा तितकाच पातळ हात, कारण माप देताना गोळीच्या अंगावरचे बरेच वंगण पुसले जाते. गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी टोपी बसवायची असेल तर तीही याच वेळी बसते व आवळली जाते. .३८ स्पेशलच्या साध्या वेगाला तिची गरज नसते.

पहिल्या पाच गोळ्या लगेच मोजाव्यात. डायवर ०.३५८ कोरलेले असले तरी गोळी नेमकी तेवढीच निघेल असे नाही. कठीण मिश्रधातूची गोळी डायमधून सुटल्यावर किंचित फुगते, मऊ गोळी फुगत नाही. एका वेळी ०.००३ इंचांहून अधिक माप उतरवू नये. त्यापुढे गोळीच्या अंगावरच्या, वंगण धरून ठेवणाऱ्या खाचा मिटू लागतात. साच्यातून काढताच पाण्यात टाकून कठीण केलेल्या गोळ्यांबाबत आणखी एक बारकावा आहे. अँटिमनीयुक्त शिसे दाबले गेले की कठीण होण्याऐवजी पृष्ठभागावर मऊ पडते. तेव्हा अशा गोळ्यांना कठीणपणा पुरता येण्यापूर्वीच, ओतले त्याच दिवशी, माप द्यावे.

डाय एखाद्या हजाराव्या भागाने लहान निघाली तर नवी विकत घेण्यापूर्वी तीच मोठी करता येते. लाकडी दांडीला उभी चीर द्यावी, चिरेत ४०० नंबरच्या पाणकागदाची पट्टी अडकवून गुंडाळावी, थोडे तेल लावावे आणि ड्रिलवर संथ गतीने फिरवत डायमध्ये खालीवर करावे. दर अर्ध्या मिनिटाला डाय स्वच्छ पुसून, एक गोळी काढून मोजावी. शेवट ६०० किंवा त्याहून बारीक कागदाने करावा. या कामात घाई केली तर परतीचा रस्ता नाही. माझी पहिली डाय मी अशीच ०.३५९५ पर्यंत नेऊन बसवली. ती आजही बाकावर कागद दाबायला उपयोगी पडते.

तव्यात मेण ओतण्याची पद्धत

गोळीला खोल, रुंद खाच असेल किंवा जुन्या पद्धतीची काळी दारू वापरायची असेल तर घोळवण्यापेक्षा ही पद्धत बरी. सपाट बुडाच्या तव्यात वा केकच्या भांड्यात गोळ्या एकमेकींपासून अर्धा इंच अंतरावर बुडावर उभ्या मांडाव्यात. मधमाश्यांचे मेण दोन भाग आणि व्हॅसलीन एक भाग, वजनाने घेऊन, पाण्याच्या पातेल्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात वितळवावे. मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे उकळत्या पाण्याची आच पुरून उरते. थेट आचेवर ठेवले तर ते पेट घेऊ शकते, आणि पेटलेल्या मेणावर पाणी टाकले की आग छतापर्यंत उसळते. जवळ घट्ट बसणारे झाकण ठेवावे. वितळलेले मिश्रण गोळ्यांच्या सर्वांत वरच्या खाचेपर्यंत हळूच ओतावे, निवू द्यावे आणि वडी हाताला जेमतेम कोमट असतानाच गोळ्या बाहेर काढाव्यात. त्यासाठी गोळीहून किंचित मोठ्या व्यासाची पितळी नळी वडीत दाबायची. गोळी खाचांतल्या वंगणासह नळीत येते. वडीत उरलेल्या भोकांत पुढच्या गोळ्या उभ्या करून तीच वडी पुन्हा वितळवली की वंगण वाया जात नाही. वंगण लागलेल्या गोळ्यांना नंतर आरपार डायमधून काढता येते.

नुसते पॅराफिन मेण वापरू नये. ते ठिसूळ असते आणि काडतूस हाताळतानाच खाचेतून ढलप्या निघतात. पाश्चात्त्य पद्धतीच्या शौचकूपाखाली बसवायचे मेणाचे कडे अमेरिकेतील प्रत्येक हार्डवेअर दुकानात काही डॉलरांत मिळते आणि वंगण फार कडक झाले तर ते मऊ करायला त्याचा तुकडा चालतो. एरंडेल तेल उत्तम वंगण आहे, पण ते व्हॅसलीनसारख्या खनिज पदार्थात नीट मिसळत नाही. घालायचेच तर नुसत्या मेणासोबत घालावे. साजूक तुपाची आठवण मराठी माणसाला होणारच, परंतु ते उन्हाळ्यात पातळ होऊन दारूपर्यंत झिरपेल. आणि मीठ घातलेले लोणी तर पोलादाला गंज चढवील. काळ्या दारूसाठी मात्र खनिज पदार्थ टाळावेत, कारण तिच्या राखेशी मिळून त्यांचे डांबरासारखे कीट बनते. तेथे निम्मे मेण आणि निम्मे वनस्पतिजन्य स्निग्ध, म्हणजे येथे क्रिस्को नावाने मिळते ते वनस्पती तूप व थोडे कॅनोला तेल, हे मिश्रण अनेक वर्षे चालत आले आहे.

पावडरचा लेप

वंगण अजिबात नको असणाऱ्यांसाठी हा तिसरा मार्ग. रंगकामाची पॉलिएस्टर पावडर, प्लॅस्टिकचा डबा आणि खेळण्यातल्या बंदुकीचे काळे प्लॅस्टिकचे मणी एवढे साहित्य लागते. डब्यात मणी, स्वच्छ व कोरड्या गोळ्या आणि एक-दोन चमचे पावडर घालून मिनिटभर गोल फिरवले की स्थिर विजेमुळे पावडर गोळ्यांना चिकटते. हवेत दमटपणा असला तर चिकटत नाही. चिमट्याने गोळ्या न चिकटणाऱ्या फॉइलवर मांडून, जुन्या टोस्टर ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सियसच्या आसपास वीस मिनिटे भाजाव्यात. हा ओव्हन पुन्हा कधीही अन्नासाठी वापरायचा नाही, आणि तो गॅरेजमध्ये दार उघडे ठेवून चालवायचा. लेपाने व्यास साधारण ०.००२ इंचाने वाढतो, त्यामुळे माप नंतर द्यावे. लेप गुळगुळीत असल्याने डायमध्ये वेगळे वंगण लागत नाही. लेप पक्का झाला की नाही हे पाहण्यासाठी एक गोळी ऐरणीवर ठेवून हातोडीने चपटी करावी. लेपाचे कपचे उडाले तर आच किंवा वेळ कमी पडली. धूर नाही, चिकटपणा नाही, आणि हाताला उघडे शिसे लागत नाही, हे या पद्धतीचे खरे फायदे. शंभर गोळ्या चिमट्याने मांडण्याचा कंटाळा हा तिचा खरा तोटा.

पुंगळीत बसवताना होणारा घात

एवढे करून नळीत शिसे धरले तर संशयित बहुधा पुंगळी असते. काडतुसे भरण्याच्या नेहमीच्या डाय वेष्टणयुक्त, किंचित बारीक गोळ्यांसाठी बनवलेल्या असतात. त्यांनी रुंदावलेल्या पुंगळीत ०.३५८ ची मऊ गोळी बसवली की पुंगळीच तिला आवळून ०.३५६ वर आणू शकते. शेवटी तोंड आवळणाऱ्या काही डायमध्ये कार्बाइडचे कडे असते. ते भरलेले काडतूस बाहेरून दाबते आणि आतली गोळीही दबते. म्हणून दारू व प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नसलेल्या पुंगळीत एक गोळी बसवावी, ती ठोक्याच्या हातोडीने, म्हणजे झटक्याने गोळी सोडवणाऱ्या हत्याराने, परत बाहेर काढावी आणि मोजावी. बारीक झाली असेल तर पुंगळीचे तोंड जरा जाड दट्ट्याने रुंदवावे आणि कार्बाइडच्या कड्याची डाय त्या कामातून काढून टाकावी. ही चाचणी फुकटची आहे, तरी ती करणारा माणूस मला क्वचितच भेटला आहे.

नळी काय सांगते

मैदानावर वीस गोळ्या झाडून, बंदूक रिकामी करून नळीत प्रकाश टाकून पाहावे. शिसे नळीच्या सुरुवातीलाच धरले असेल तर गोळी बारीक आहे किंवा चक्राचे तोंड तिला बारीक करत आहे. वंगण बदलून काही होणार नाही. नळीच्या शेवटच्या इंचा-दोन इंचांत धरले असेल तर वंगण वाटेत संपले, तेव्हा दुसरा हात द्यावा किंवा खोल खाचेची गोळी निवडावी. नळीच्या तोंडाशी वंगणाची मऊ, चांदणीसारखी नक्षी उमटलेली दिसली तर वंगण शेवटपर्यंत पुरले आहे. बंदिस्त मैदानांवर काही ठिकाणी उघड्या शिशाच्या गोळ्या चालत नाहीत, हे जाण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

शिसे हाताळताना खाणेपिणे नको. हात आधी थंड पाण्याने व साबणाने धुवावेत; कामाचा सदरा घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नये, आणि लहान मुलांना बाकाजवळ फिरकू देऊ नये. शिसे कातडीतून सहसा जात नाही, ते बोटांवरून तोंडात जाते. नियमित ओतकाम करणाऱ्याने वर्षातून एकदा रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी.

नळीतले शिसे काढायला महागडी रसायने लागत नाहीत. भांडी घासायचा तांब्याच्या तारेचा चोथा घ्यावा, चुंबक लावून तो खरोखर तांब्याचाच आहे, मुलामा दिलेल्या लोखंडाचा नाही, हे पाहावे, त्याच्या काही तारा जुन्या ब्रशला गुंडाळून तेल लावलेल्या नळीतून आठ-दहा वेळा फिरवाव्यात. शिशाचे चकचकीत पापुद्रे फडक्यावर येतात. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे मिश्रण नळीत भरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. त्याने शिसे विरघळते हे खरे, पण त्यातून तयार होणारे शिशाचे क्षार अंगात सहज भिनणारे विष असते, आणि नळीच्या पोलादालाही ते मिश्रण खाते. तो फडका आणि ते पापुद्रे घरच्या कचऱ्यात न टाकता झाकणाच्या डब्यात साठवावेत आणि गावाच्या घातक कचरा संकलन केंद्रावर नेऊन द्यावेत.